युद्धकाळातील अंतर्गत आघाडी आणि दंतवैद्यक

(यवतमाळ येथे दंतवैद्य, विद्यार्थी आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युद्ध म्हटले की डोळ्यांसमोर सीमेवरचा जवान येतो, रणगाडे येतात, विमाने येतात. त्या जवानाच्या पाठीशी उभा राहणारा शेतकरी, आयुधनिर्माणीतील कामगार, रेल्वेचा कर्मचारी, रुग्णालयातील परिचारिका हे सारे त्यानंतर, सवडीने आठवतात. दंतवैद्य तर बहुधा कोणाच्याच गणतीत नसतो. दातांचा डॉक्टर आणि राष्ट्ररक्षण यांचा संबंध काय, असा प्रश्न सुशिक्षित मनुष्यालाही पडतो. या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने अनेकदा दिले आहे, आणि दर वेळी ते महागात पडल्यानंतरच राष्ट्रांना उमगले आहे.

मराठी भाषेने मात्र हा संबंध केव्हाच ओळखला होता. शरण जाणे म्हणजे दाती तृण धरणे. शत्रूचा पराभव करणे म्हणजे त्याचे दात घशात घालणे. आणि संसारातील विपरीत योगासाठी तर म्हणच आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. ही म्हण सैन्याला जशीच्या तशी लागू पडते. अंतर्गत आघाडीवर राबणाऱ्या समाजाने धान्य पिकवावे, ते दळावे, भाजावे, हजारो मैल दूर छावणीपर्यंत पोहोचवावे आणि ते चावण्यासाठी जवानाच्या मुखात धड दात नसावेत, असा प्रसंग मोठमोठ्या साम्राज्यांवर आलेला आहे.

दात हे एके काळी प्रत्यक्ष शस्त्राचाच भाग होते. तोंडाने भरावयाच्या बंदुकीसाठी दारू आणि गोळी कागदी वेष्टनात बांधलेली असे. ते वेष्टन दातांनी तोडावयाचे आणि दारू नळीत ओतावयाची, ही कवायत होती. समोरचे वरचे-खालचे दात नसलेला मनुष्य त्या काळी शिपाई होऊच शकत नसे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराची ठिणगी पडली ती याच दातांनी तोडावयाच्या काडतुसावरून. गाईच्या आणि डुकराच्या चरबीच्या शंकेने हिंदू व मुसलमान शिपाई सारखेच खवळले आणि पुढे इंग्रजांना काडतूस हाताने फाडण्याची मुभा देणे भाग पडले. तोवर वेळ निघून गेली होती.

बोअर युद्धाचा धडा

काडतुसे बदलली, बंदुका बदलल्या आणि लष्कराला दातांचा विसर पडला. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले. ब्रिटिश सैनिकाच्या शिध्यात दगडासारखी कठीण बिस्किटे आणि डबाबंद मांस असे. इंग्लंडच्या कारखान्यांतून आणि गल्ल्यांतून भरती झालेल्या त्या तरुणांचे दात किडलेले होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. बिस्किट चावेना, मांस चावेना, पचन बिघडे आणि मनुष्य रुग्णालयात दाखल होई. सहस्रावधी सैनिक दातांच्या तक्रारींसाठी रुग्णालयात गेले आणि दोन हजारांहून अधिकांना मायदेशी परत पाठवावे लागले. शत्रूची एक गोळीही खर्च न होता दोन-तीन पलटणींएवढे मनुष्यबळ बाद झाले! जगावर राज्य करणाऱ्या या साम्राज्याने १९०१ मध्ये आफ्रिकेत किती दंतवैद्य पाठवावेत? अवघे चार.

या युद्धाशी विदर्भाचाही एक धागा जोडलेला आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी घेतलेले डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे या युद्धात वैद्यकीय सेवेसाठी दक्षिण आफ्रिकेत गेले होते. पुढे नागपुरात नेत्रवैद्य आणि लोकनेते म्हणून त्यांनी नाव मिळविले आणि १९३७ मध्ये नाशिक येथे भोसला सैनिकी विद्यालय उभे केले. संरक्षणाची पूर्वतयारी शांततेच्या काळातच आणि तरुणांच्या शरीरापासूनच करावी लागते, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. बोअर युद्धाचा दंतवैद्यकाला मिळालेला धडाही नेमका हाच होता.

सेनापतीची दाढ आणि पुण्याचा कारागीर

इंग्रजांनी तो धडा लगेच विसरून दाखविला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश सैन्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एनच्या रणधुमाळीत सेनानी डग्लस हेग यांची दाढ दुखू लागली. सैन्यात उपचार करणारा कोणी नाही, म्हणून पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. सेनापतीच्या दाढेने जे साधले ते सहस्रावधी शिपायांच्या वेदनेने साधले नव्हते. नोव्हेंबरमध्ये बारा दंतवैद्य फ्रान्समध्ये आले आणि युद्ध संपेतो त्यांची संख्या आठशेच्या पुढे गेली. १९२१ मध्ये ब्रिटिश सैन्यात दंतवैद्यांचे स्वतंत्र दल स्थापन झाले.

खंदकांच्या त्या युद्धात एक नवेच संकट समोर आले होते. खंदकात शरीर सुरक्षित असे, पण डोके वर काढले की गोळी नेमकी चेहऱ्यावर बसे. जबडे फुटलेले, हनुवटी उडालेली, नाक नाहीसे झालेली तरुण मुले रुग्णालयांत येऊ लागली. सामान्य शल्यचिकित्सकाला पोट आणि हातपाय ठाऊक होते, पण जबड्याची हाडे पुन्हा कशी जुळवावी, वरचे दात खालच्या दातांवर नेमके कसे बसवावे, हे ज्ञान दंतवैद्याकडेच होते. ऑगस्ट चार्ल्स व्हॅलाडिए या दंतवैद्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावर जबड्याच्या जखमांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला. हार्वर्डच्या पथकाबरोबर आलेल्या वाराझ्ताद कझांजियन या दंतवैद्याने तारा, रबर आणि धातूच्या पट्ट्यांनी फुटके जबडे सांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. व्हॅलाडिएचे काम पाहूनच हॅरल्ड गिलीज या तरुण शल्यचिकित्सकाला चेहऱ्याच्या पुनर्रचनेची दिशा सापडली. १९१७ मध्ये सिडकप येथे सुरू झालेल्या रुग्णालयात गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. शल्यचिकित्सक मांस आणि त्वचा सांधत असे, दंतवैद्य त्याखालचा सांगाडा उभा करीत असे. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया असा दोन हातांनी घातला गेला.

त्या पायाखालचा सर्वांत जुना दगड मात्र भारतीय आहे. कपाळाची त्वचा वळवून नाक घडविण्याची विद्या सुश्रुताच्या परंपरेतून देशातील कारागीर घराण्यांत शतकानुशतके टिकून होती. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रज सैन्याच्या सामानाचे बैल हाकणारा, कावसजी या नावाने नोंदला गेलेला एक मराठा कैद झाला, आणि टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुण्याजवळच्या वीटभट्टी चालविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेतून त्याला नवे नाक दिले. इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली आणि तिचा सचित्र वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया करून दाखविली आणि तेथून ही विद्या युरोपभर गेली. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पदवी, पद आणि गणवेश यांपैकी काहीही नसताना युद्धात विद्रूप झालेल्या माणसाला त्याने पुन्हा समाजात ताठ मानेने वावरण्याजोगे केले. अंतर्गत आघाडीवरील सेवेचे याहून उत्तम उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

याच महायुद्धातील आणखी एक प्रसंग प्रत्येक प्रथमोपचार करणाऱ्याने मनावर कोरून ठेवावा असा आहे. विल्यम केल्सी फ्राय हे दंतवैद्यकाचेही शिक्षण घेतलेले लष्करी वैद्य होते. जबड्याला गोळी लागलेल्या एका सैनिकाला त्यांनी डोके पुढे झुकवून, चालवत मागच्या तळापर्यंत आणले. तेथे इतरांनी त्याला सवयीप्रमाणे उताणे निजविले. तुटलेल्या जबड्याचा आधार गेलेली जीभ मागे पडली, रक्त घशात उतरले आणि जखमेने न मेलेला तो जवान श्वास कोंडून मेला. त्या दिवसापासून केल्सी फ्राय यांनी एकच गोष्ट सर्वांना शिकविली, जबडा फुटलेल्या जखमीला उताणे निजवू नये, त्याचे तोंड पुढे आणि खाली असावे. या एका वाक्याने पुढे किती प्राण वाचले असतील!

दवाखान्यातील दंतवैद्यांची फळी

हे सारे रणांगणाजवळचे झाले. घरीच राहिलेल्या दंतवैद्यांनी काय केले, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत आढळते. अमेरिका महायुद्धात उतरली १९१७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीच, १९१६ मध्ये, बफेलो शहरातील दंतवैद्यांनी पुढाकार घेऊन ‘प्रिपेर्डनेस लीग’ या नावाची संघटना उभारली. नावातच सज्जता होती. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला दात खराब म्हणून परत यावे लागू नये, यासाठी सभासद दंतवैद्याने आपल्या दवाखान्यातील ठराविक वेळ त्या तरुणांच्या विनामूल्य उपचारासाठी राखून ठेवावयाचा, अशी योजना होती. कोणी हुकूम काढला नव्हता, कोणी अनुदान दिले नव्हते. देशभरातील सहस्रावधी दंतवैद्य या कार्यात सहभागी झाले आणि लाखो उपचार एक पैसाही न घेता पार पडले. आपला दवाखाना, आपली खुर्ची, आपलीच हत्यारे आणि रोजचेच काम. त्या कामाचा काही भाग राष्ट्राच्या नावे जमा करावयाचा, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी या कामाचे महत्त्व आणखी स्पष्ट झाले. १९४० मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा वरखाली मिळून सहा जोड्या, म्हणजे किमान बारा दात परस्परांना भिडणारे असावेत, अशी अगदी साधी अट होती. तरीही शारीरिक कारणांनी नाकारल्या गेलेल्या तरुणांत दातांमुळे नाकारलेले सर्वाधिक निघाले. अन्नाची सुबत्ता असलेल्या, संपन्न देशाची ही अवस्था! अखेर १९४२ मध्ये अट सैल करावी लागली आणि तरुणांना आधी भरती करून मग त्यांचे दात नीट करण्याचे काम लष्कराने अंगावर घेतले. त्यासाठी १९४४ पर्यंत सुमारे पंधरा हजार दंतवैद्य सैन्यात घ्यावे लागले. जे शांततेच्या काळात गावोगाव स्वस्तात झाले असते, ते युद्धकाळात घाईने आणि महागात करावे लागले.

गृहिणींनाही या आघाडीवर काम होते. जपानने मलाया जिंकल्यावर कथिलाचा पुरवठा तुटला. त्या काळी दंतमंजनाच्या नळ्या कथिलाच्या असत. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने नियम केला की जुनी रिकामी नळी दुकानदाराकडे जमा केल्याखेरीज नवी मिळणार नाही. घरातील न्हाणीघरात संपलेली नळी जपून ठेवणे, हे त्या दिवसांत देशकार्य झाले होते.

डोळा गमावलेल्या सैनिकांची कथा याहून विलक्षण आहे. काचेचे कृत्रिम डोळे मुख्यतः जर्मनीतून येत. युद्धामुळे ते बंद झाले. त्या सुमारास कवळ्यांसाठी रबराऐवजी अ‍ॅक्रिलिक हे नवे द्रव्य वापरात आले होते. मापाचा साचा घेणे, अ‍ॅक्रिलिक शिजवणे, रंग जुळवणे, गुळगुळीत करणे हे कौशल्य दंतवैद्य आणि त्यांच्या तंत्रज्ञांकडे होते. लष्करातील दंतवैद्यांनी त्याच कौशल्याने अ‍ॅक्रिलिकचे न फुटणारे डोळे घडविले आणि ते सैनिकांच्या रिकाम्या खोबणीत नेमके बसविले. दाताच्या कारागिराने डोळा द्यावा, हे संकटकाळातच घडते. कारण संकटकाळात आपले काम कोठे संपते हे कोणी विचारत नाही.

भारताची वाटचाल आणि यवतमाळचे पुत्र

भारतात याच काळात काय स्थिती होती? कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये देशातील पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. महायुद्धाची गरज म्हणून १९४१ मध्ये भारतीय सैन्यात दंतवैद्यकाचे स्वतंत्र दल उभे राहिले. आजचे आर्मी डेंटल कोअर ते हेच. परंतु सैन्याला दंतवैद्य मिळावेत कोठून? युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक समिती नेमली गेली. तिच्या १९४६ च्या अहवालाने जे चित्र मांडले ते विदारक होते. तीस कोटींच्या देशात सुमारे एक हजार दंतवैद्य, म्हणजे तीन लाख लोकांमागे एक. त्या प्रमाणाने पाहिले तर यवतमाळसारख्या संपूर्ण जिल्ह्याच्या वाट्याला दोन-तीन दंतवैद्य आले असते, आणि प्रत्यक्षात तेही मोठ्या शहरांतच राहत असत.

त्याच युद्धकाळात यवतमाळ जिल्ह्याचे एक सुपुत्र दिल्लीत अंतर्गत आघाडीचे एक अवघड काम सांभाळत होते. वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे हे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांच्या खात्याचे सदस्य झाले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि लाखो भारतीय डोंगरदऱ्यांतून पायी मायदेशी निघाले. त्या निर्वासितांचा प्रश्न अणे यांच्या खात्याशी निगडित होता. पुढे गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी पदत्याग केला.

स्वातंत्र्यानंतर दंतवैद्यकाला शिस्त आली. १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा झाला, १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि १९६८ मध्ये नागपूरला शासकीय दंतमहाविद्यालय सुरू होऊन विदर्भाची मोठी उणीव भरून निघाली. मधल्या काळात देशाने दोन युद्धे पाहिली. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे म्हटले गेले. माताभगिनींनी अंगावरचे सोने राष्ट्रीय संरक्षण निधीत दिले. त्या दशकात विदर्भात भंडारा आणि नागपूरजवळ अंबाझरी येथे आयुधनिर्माण्या उभ्या राहिल्या.

१९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांच्या वेळी महाराष्ट्राचे नेतृत्व पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक करीत होते. लालबहादूर शास्त्रींनी ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा दिली, सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. वसंतरावांनी राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा ध्यास घेतला आणि संकरित ज्वारी खेडोपाडी पोहोचविली. जवान आणि किसान यांना जोडणारा दुवा म्हणजे अन्न, आणि ते अन्न शरीराला लावून देणारे पहिले साधन म्हणजे दात. कणसापासून घासापर्यंतची ही साखळी एकसंध आहे. तिची शेवटची कडी तुटली तर आधीच्या साऱ्या कड्यांचे श्रम वाया जातात.

चौदा गुणांची परीक्षा

इतिहासाचे स्मरण वर्तमानासाठी करावयाचे असते. आज यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा अशा कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे गेले तर सैन्य आणि पोलीस भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, बंजारा, गोंड, कोलाम वस्त्यांवरची ही मुले आहेत. छाती किती फुगते, किती मिनिटांत किती अंतर कापले, याचा हिशेब ती रोज ठेवतात. दातांचा हिशेब मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो.

लष्करी वैद्यकीय तपासणीत दातांना गुण दिले जातात. वरच्या आणि खालच्या जबड्यातील जे दात परस्परांना नीट भिडतात आणि निरोगी असतात, त्यांचीच मोजणी होते. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या जोडीला प्रत्येकी एक गुण, मोठ्या दाढांच्या जोडीला प्रत्येकी दोन गुण. अक्कलदाढ पूर्ण वाढलेली असेल तर तिच्या जोडीला दोन, नसेल तर एक. बत्तीसही दात असलेल्या तरुणाचे अक्कलदाढांच्या वाढीनुसार २२ किंवा २० गुण होतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान १४ गुण लागतात. तीव्र पायोरिया असला तर तेवढ्यानेही तरुण अपात्र ठरतो.

या हिशेबात एक मेख आहे. खालची एक दाढ काढली की समोरची वरची दाढ निरोगी असूनही निरुपयोगी ठरते, कारण तिला भिडणारे काही उरत नाही. एका दाढेमागे दोन गुण जातात. चार मोठ्या दाढा अशा रीतीने गेल्या की २० गुण असलेला तरुण १२ वर येतो आणि बाहेर पडतो. ‘दुखते ना, मग काढून टाका,’ ही खेड्यापाड्यांतील सरधोपट रीत आहे. कीड लहान असताना भरून घेतलेली दाढ तरुणाची नोकरी आणि देशाचा एक जवान, दोन्ही वाचवू शकते.

दातांचे महत्त्व भरतीनंतर संपत नाही. दूरच्या हिमचौकीवर मध्यरात्री दाढ ठणकू लागली तर जवानाची झोप जाते, अन्न जाते आणि पहाऱ्यावरचे लक्ष जाते. किडलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या दातात अडकलेली हवा उंचावर दाब कमी होताच प्रसरण पावते आणि असह्य कळ येते. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांना हा अनुभव इतक्या वेळा आला की त्यावर स्वतंत्र अभ्यास झाला.

घरातला शत्रू

आणि आता विदर्भाच्या घराघरांतल्या शत्रूकडे वळावयास हवे. त्याचे नाव खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तयार होणारी ही पुडी पानठेल्यावर सहज मिळते. मोठ्यांच्या हातातून ती शाळकरी मुलांच्या खिशात पोहोचली आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये काढला. तंबाखूविषयी तर शंकाच उरलेली नाही. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील मऊ त्वचा राठ आणि पांढुरकी होते, तिच्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. तीन बोटे मावावीत तेथे दोन, मग एक. तिखट सोसवत नाही, घास जात नाही. आणि यातील काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या अभियानाने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावपातळीवर काम उभे केले. कायदा आवश्यकच आहे, तथापि तो पानठेल्यापर्यंत पोहोचतो, ओठांपर्यंत पोहोचत नाही. ओठांपर्यंत आई पोहोचते, शिक्षक पोहोचतो, मित्र पोहोचतो आणि दंतवैद्य पोहोचतो. आरशात मुलाला त्याचाच गाल दाखवून, ‘हे पांढरे दिसते ना, येथूनच सुरुवात होते,’ असे सांगणारा दंतवैद्य शंभर फलकांचे काम करतो.

दुसरा शत्रू गोड आहे. युद्धकाळात साखरेची टंचाई झालेल्या नॉर्वे आणि जपानसारख्या देशांत पुढील काही वर्षे मुलांच्या दातांची कीड स्पष्टपणे घटली आणि साखर परतताच ती पुन्हा वाढली. दातांच्या किडीचे मूळ कोठे आहे, हे युद्धाने नकळत सिद्ध केले. आज पाच-दहा रुपयांची गोड पाकिटे आणि बाटल्या दुर्गम पोडांवरही पोहोचल्या आहेत. भाकरी, भाजी आणि ऋतूतील फळे यांवर वाढलेली मुले ज्या दातांनी ऊस सोलत, त्या दातांना आज बिस्किट पुरेसे जड जाते.

जिल्ह्याने काय करावे

७ मे २०२५ रोजी देशात अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाचे सराव झाले, भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. पुष्कळ वर्षांनी सामान्य नागरिकाला जाणवले की अंतर्गत आघाडी ही पुस्तकातली गोष्ट नाही. गृहरक्षक दल १९४६ पासून आहे, नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ पासून आहे. भोंगा वाजल्यावर काय करावे हे त्यांत सांगितलेले आहे. भोंगा वाजण्यापूर्वी काय करावे, हे समाजाने ठरवावयाचे असते.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातील दंतवैद्यांनी आठवड्यातून एक तास भरतीस इच्छुक तरुणांसाठी राखून ठेवला, तर १९१६ चा तो प्रयोग येथे मराठीत उभा राहील. तपासणी भरतीच्या आदल्या आठवड्यात करून उपयोग नाही. ती दहावीच्या वर्गातच व्हावी, म्हणजे कीड भरण्यास, हिरड्या सुधारण्यास आणि खर्रा सुटण्यास अवधी मिळेल. धावण्याचा सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांनी मुलांच्या वहीत वजन, उंची, छाती यांच्या शेजारी दातांच्या गुणांचाही रकाना आखावा.

गृहरक्षक, राष्ट्रीय छात्रसेनेचे विद्यार्थी, रुग्णवाहिकेचे चालक यांना दंतवैद्यांनी चेहऱ्याच्या जखमांचा प्रथमोपचार शिकवावा. जबडा फुटलेल्याला उताणे निजवू नये. मुळासकट निखळलेला दात मुळाला न धरता, वरच्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, दात दुधात ठेवावा आणि शक्य तर तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. हे ज्ञान युद्धापुरतेच नाही. महामार्गावर दररोज होणाऱ्या अपघातांत तेच उपयोगी पडणार आहे. नागपूर, अमरावती आणि सावंगी येथील दंतमहाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना झरी-जामणी, घाटंजी, मारेगाव यांसारख्या भागांत शिबिरांसाठी बोलवावे. एकट्या दंतवैद्याला न झेपणारे काम संघटित समाजाला जड नसते.

कुटुंबांनीही आपला वाटा उचलावयाचा आहे. रात्री झोपण्यापूर्वी मुलांनी दात घासणे, घरात खर्ऱ्याची पुडी न येणे, सहा महिन्यांतून एकदा तपासणी करून घेणे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. रिकामी नळी जपून ठेवणाऱ्या गृहिणीचे कामही क्षुल्लकच होते.

दंतवैद्याच्या हातातील कापसाचा बोळा पाहावा. या जिल्ह्याच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस एके काळी शकुंतला रेल्वेने मुंबईच्या दिशेने जात असे आणि तेथून जगभर. शेतकऱ्याने पिकविलेला तो कापूस कोणाच्या जखमेवर बसेल, हे त्याला कधीच कळत नाही. तरीही तो पिकवितो. दवाखान्यात एका ग्रामीण मुलाची दाढ वाचविणाऱ्या दंतवैद्यालाही, तो मुलगा पुढे कोणत्या चौकीवर उभा राहील, हे कळणार नाही. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या त्या मुलांपैकी एकही दातांपायी परत येऊ नये, एवढे यवतमाळने मनावर घेतले तरी पुरे.